सदर प्राणी हयात असेपर्यंत

गल्लीत त्यांना 'पोटकलम' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागचं नाव कानावर यायचं राहतं थोडंच? त्यांनाही ते कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही होतं. छत्तीस वर्षं नोंदणी कचेरीसमोरच्या टपरीत बसून त्यांनी लोकांचे करारनामे टाइप केले होते. घरं विकणारे, वाटण्या करणारे भाऊ, भागीदारी मोडणारे दोस्त, सगळे समोरच्या बाकावर बसून तावातावाने भांडायचे आणि हे शांतपणे ती भांडणं 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी' यांच्यात बसवून द्यायचे. माणूस बोलतो तो वारा, लिहितो तो दगड, असं त्यांचं ठाम मत होतं. या मतापायी त्यांनी स्वतःचं काय करून घेतलं, तीच ही गोष्ट.

घर त्यांचं स्वतःचं, दोन मजल्यांचं. खाली एक खोली नि स्वयंपाकघर, वर तसंच. वर जायला बाहेरून सतरा पायऱ्यांचा जिना. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी लांबच्या शहरात, संसारात. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी ती तेच म्हणायची, "बाबा, वर कुणीतरी राहायला ठेवा. रात्री-अपरात्री तुम्ही पडलात तर कळणार कुणाला? नाहीतर घर विका आणि इकडे या." तिच्याकडे जाणं म्हणजे नातवाच्या खोलीत पलंगाचा अर्धा भाग. ते एकदा महिनाभर राहून आले होते. सगळे प्रेमाने वागले, पण आपला टाइपरायटर ठेवायला टेबल कुठे मागायचं हे त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही.

तर वर भाडेकरू हवा होता. अडचण एवढीच होती की भाडेकरू टिकायचं राहू द्या, सहीसुद्धा करेना. पोटकलमांचा करार एकतीस कलमांचा होता आणि प्रत्येक कलमामागे एकेक गेलेला भाडेकरू उभा होता. भिंतीत एक्केचाळीस खिळे ठोकणाऱ्या फोटोग्राफरमुळे कलम चार. नळ उघडा टाकून लग्नाला गेलेल्या जोडप्यामुळे कलम अकरा. लोक यायचे, खोली बघून खूश व्हायचे, करार वाचायला घ्यायचे आणि तिसऱ्या पानावर त्यांना कुठेतरी काम आठवायचं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात; यांची खोली सात महिने रिकामी होती.

एकोणिसावं कलम मात्र वेगळं होतं. 'मनुष्याखेरीज कोणताही जीव खोलीत ठेवता येणार नाही.' याचं कारण त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं. वर एकदा एक शिक्षक राहायचा, त्याच्याकडे पोपट होता. बायको शेवटच्या आजारात रात्रंदिवस खोकायची. वरच्या पोपटाने तो खोकला उचलला, अगदी तसाच, आधी दोनदा कोरडा आणि मग एक लांब. बायको गेली, खोकला राहिला. हे खाली एकटे जेवायला बसले की वरून ती खोकायची. पंधरा दिवस त्यांनी काढले आणि मग शिक्षकाला खोली सोडायला सांगितली. कारण विचारलं तर म्हणाले, "घाण होते." शिक्षक चांगला माणूस होता. तो गेल्यावर एकोणीस नंबर आला.

मग एक बाई खोली बघायला आली, ती कुत्रीला घेऊनच. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायचं तिचं काम. पंचेचाळिशीची, एकटी, बोलायला मोजकी. कुत्री बारा वर्षांची, तोंडाभोवती पांढरी झालेली. तिला ती 'म्हातारी' म्हणायची. बाईने करार वाचला, सगळा वाचला, एकतीसच्या एकतीस. बारीक अक्षर हा तिचा रोजचा धंदा. मग एकोणीसवर बोट ठेवलं.

"हे?"

"ते सोडून काहीही बोला."

"बरं," म्हणून ती उठली. गयावया नाही, कुत्री किती गुणी आहे याचं पुराण नाही. पण म्हातारी उठेना. उंबऱ्यावर अंग टाकून ती अशी पसरली होती की जणू सही करूनच बसली आहे. बाईने दोनदा हाक मारली. पोटकलमांनी कुत्रीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि त्यांना रविवार आठवला.

"थांबा," ते म्हणाले. "माणसाचं वागणं कसं आहे ते मी आधीच्या मालकाला विचारतो. हिचंही विचारावं लागेल. पत्र आणा."

दुसऱ्या दिवशी तिने पत्र आणलं. आधीच्या मालकाने लिहिलं होतं, 'कुत्री सहा वर्षं राहिली. भुंकली दोनदा, दोन्ही वेळा खरोखर चोर होता. इमारत पाडायची म्हणून जागा सोडायला लावली, याचं वाईट वाटतं.' पोटकलमांनी पत्र दोनदा वाचलं आणि तरीही स्वतः चालत त्या मालकाला भेटून आले, कारण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मग शेवटची परीक्षा. म्हातारीला वरच्या खोलीत एक तास एकटी ठेवायची आणि आपण खाली बसून ऐकायचं. एकटी असताना दार खरवडते का, रडते का, हे कळायला हवं.

बाई जिन्यात बसली. हे खाली खुर्चीत, घड्याळ समोर. आधी काही नाही. मग वर नखांचा टक टक आवाज, खिडकीपर्यंत गेला, परत आला. मग धप्प, ती कुठेतरी आडवी झाली असावी. मग पुन्हा शांतता, पण ही शांतता आधीच्या सात महिन्यांसारखी नव्हती. यात वर कुणीतरी होतं. पोटकलम ऐकत बसले ते बसलेच. बाईने खाली येऊन विचारलं, "काका, तास झाला का?" तेव्हा दीड तास उलटून गेला होता.

मुदतीचं घोडं मात्र अडलं. बाईला वर्षाचा करार नको होता. दुकानाची दुसरी शाखा निघाली तर तिला तिकडे पाठवतील, की पाठवणार नाहीत, काही नक्की नव्हतं. "मग किती दिवस राहणार?" त्यांनी विचारलं. ती खांदे उडवून म्हणाली, "हिला घेऊन आता कुठे फिरणार? कुणी दारात उभं करत नाही. ही आहे तोवर आहे मी इथे. तिचं झालं की मग बघू."

असं आपण सगळेच बोलतो. पोरांची शाळा आहे तोवर, आई आहे तोवर. ऐकणारा मान हलवतो आणि विसरतो. पण पोटकलम मान हलवणारे नव्हते. ते त्या संध्याकाळी टाइपरायटरवर बसले, एकोणिसावं कलम खोडलं आणि बत्तिसावं लिहिलं: 'हा करार सदर प्राणी (यापुढे "म्हातारी") हयात असेपर्यंत चालू राहील, व त्यानंतर पंधराव्या दिवशी आपोआप संपुष्टात येईल.' छत्तीस वर्षांत असं कलम त्यांनी लिहिलं नव्हतं. ना वर्ष, ना महिना, ना तारीख. भाडेकरूला हवी तशी लवचीक मुदत आणि तरी भाषा चोख. त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं. बाईने ते वाचलं, थोडा वेळ गप्प राहिली, म्हातारीच्या कपाळावर हात ठेवला आणि सही केली. तिच्या गप्प बसण्याचा त्यांनी 'पसंत आहे' असा अर्थ लावला. वाचणाऱ्याचा चेहरा वाचायची सवय त्यांना कधीच नव्हती.

त्यानंतरची अडीच वर्षं त्यांची बरी गेली. सकाळी वरून टक टक ऐकू आली की ते उठायचे. बाई नऊला जायची, सातला यायची. मधला सगळा वेळ खाली हे एकटे आणि वर म्हातारी एकटी. एक दिवस त्यांना कलम बारा आठवलं. 'घरमालकास एक दिवस आधी लेखी कळवून खोलीची पाहणी करता येईल.' त्याच संध्याकाळी बाईच्या दाराखालून चिठ्ठी सरकली: 'उद्या दुपारी एक वाजता खोलीची पाहणी करण्यात येईल.' पाहणी अशी झाली की हे भिंतीला टेकून बसले आणि म्हातारी येऊन त्यांच्या पायाला टेकून बसली. भिंती, नळ, खिळे सगळं जागच्या जागी होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी. मग रोजच.

चार दिवसांनी चिठ्ठी उलटी परत आली. मागे बाईच्या बारीक अक्षरात, 'पाहणीस हरकत नाही. दूध खिडकीत आहे.' मग तो रिवाजच पडला. 'उद्या पाहणी.' 'नखं कापायची झालीत, जमलं तर बघा.' 'पाहणीत डावा कान गरम आढळला.' 'औषध आणलंय.' समोरासमोर भेटले तर दोघं 'काय, बरं?' 'हो, बरं' याच्या पुढे जात नसत. चिठ्ठ्या मात्र त्यांनी सगळ्या जपून ठेवल्या होत्या, तारीखवार. पोपटाची गोष्टही त्यांनी आयुष्यात एकदाच सांगितली, ती म्हातारीला. तिने जांभई दिली. त्यांना बरं वाटलं.

पण बत्तिसावं कलम त्यांना आता छळू लागलं होतं. दुसऱ्याला ती कुत्री दिसायची, यांना मुदत दिसायची. तिने दूध अर्धं टाकलं की यांना जेवण जाईना. आणि मग तिचे मागचे पाय धरले. सतरा पायऱ्या बाई तिला उचलून चढवायची, एकवीस किलोचं ओझं. एके दिवशी चिठ्ठीच्या मागे ओळ आली: 'खालच्या मजल्यावरची जागा कुठे मिळते का बघावं लागेल.'

पोटकलम त्या रात्री झोपले नाहीत. सकाळी सात वाजता ते कागद घेऊन वर हजर. पुरवणी करार होता: मालकाने वर जावं, भाडेकरूने खाली यावं, भाडं तेच.

"काका, तुमचा गुडघा?" बाई म्हणाली.

"वर हवा चांगली आहे."

"सतरा पायऱ्या आहेत."

"मीच मोजून घेतल्यात बांधताना."

मुलीला कळलं तेव्हा ती फोनवर चांगलीच उखडली. "बाबा, भाडेकरू खाली आणि मालक वर? आणि तेही कुत्र्यासाठी? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणायचं ते आधीच म्हणत होते, त्यामुळे त्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढायचे. वर चालताना पाय हलके टाकायचे, खाली म्हातारीची झोप मोडू नये म्हणून. दुपारी एकला खाली उतरायचे. ही उतरण दिवसातली सगळ्यात सोपी होती.

ती गेली ती अशाच एका पाहणीत. मान त्यांच्या मांडीवर होती. दोनदा जोरात श्वास घेतला आणि तिसरा घेतला नाही. ते बराच वेळ तसेच बसले, पायाला मुंग्या आल्या तरी. मग उठून चालत चष्म्याच्या दुकानात गेले. तिथे ते पूर्वी कधी गेले नव्हते. मागच्या बाजूला ती चाकावर काच धरून बसली होती, हातांवर पांढरी पूड. तिने मान वर केली, त्यांना दारात पाहिलं आणि चाक बंद केलं. जगातल्या प्रत्येक प्रसंगाला ज्यांच्याकडे मसुदा होता त्यांना एवढंच सुचलं, "बाई, घरी चला."

मागच्या अंगणात दोघांनी मिळून खड्डा खणला. ती रडली, हे उभे राहिले. आणि दुसऱ्या दिवसापासून कलम बत्तीस सुरू झालं.

चिठ्ठी टाकायला आता निमित्त उरलं नव्हतं. पाहणी कशाची करणार? त्यांना वाटलं, राहायचं असेल तर ती बोलेलच. मग वाटलं, का राहील? आजवर कुणी दारात उभं करत नव्हतं ते कुत्रीमुळे. आता तिला गावातलं प्रत्येक दार उघडं. ती माझ्याकडे राहिली ती म्हातारीपायी, माझ्यापायी थोडीच? हा विचार खरा होता की नाही हे ठाऊक नाही, पण दुखायचा तो खऱ्यासारखा. सहाव्या दिवशी खालून खोकी ओढल्याचा आवाज आला. बाराव्या दिवशी ते टाइपरायटरवर बसले.

'कलम बत्तीस रद्द करण्यात येत आहे.' एवढं झटक्यात झालं. पण करारात नुसतं रद्द म्हणून चालत नाही, कारण द्यावं लागतं. त्यांनी टाइप केलं: 'ज्याअर्थी सदर प्राणी हयात नाही, आणि ज्याअर्थी घरमालकास'. इथे बोटं थांबली. घरमालकास काय? घरमालकास खालून आवाज आलेला बरा वाटतो? घरमालकास दुपारी एक वाजता काय करावं कळत नाही? परक्यांच्या हजार करारांत त्यांनी हजार कारणं चपखल बसवली होती, आणि स्वतःचं एक कारण लिहिताना त्यांना लाज वाटली. वाक्य तसंच राहिलं. तेरावा दिवस गेला, चौदावा गेला, कागद टाइपरायटरवरच. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हे त्यांनी कितीदा ऐकलं होतं, पण लिहून ठेवलेलं नव्हतं ना, त्याला काय करणार.

पंधराव्या दिवशी सकाळी बाई किल्ली द्यायला वर आली. खाली टेम्पो उभा होता, खोकी चढवून झाली होती. किल्ली टेबलावर ठेवताना तिची नजर कागदावर पडली. अक्षर दिसलं की वाचायचं, हा तिचा स्वभाव. तिने ते अर्धं वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे कधी लिहिलंत?"

"तीन दिवस झाले."

"द्यायचं होतं."

"पुरं झालं नव्हतं."

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "काका, मी रोज संध्याकाळी दाराखाली बघत होते. 'उद्या पाहणी' एवढं जरी असतं..."

"मग तुम्ही का नाही बोललात?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"मी काय बोलू? तुम्ही लिहिलेलं, मी सही केलेली. तुमच्याकडे लिहिलं ते लिहिलं. मला वाटलं, तुम्ही दिवस मोजताय."

"मोजतच होतो," ते म्हणाले.

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. बाई म्हणाली, नवी जागा दुकानाजवळच आहे, एका वर्षाचा करार, पहिल्याच ओळीत प्राणी नकोत असं लिहिलंय. ते सांगताना तिला हसू आलं आणि डोळे भरले.

"सही केलीत?"

"काल केली."

आता या क्षणी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मोडा तो करार, मी बोलतो त्या मालकाशी. हे म्हणायला तीन शब्दही पुरे होते, आणि ती ते ऐकायलाच उभी होती, असं मला वाटतं. पोटकलमांनी तोंड उघडलं. आणि छत्तीस वर्षांच्या सवयीने जे आलं तेच आलं.

"सही केलीत, मग जायला हवं."

"हो," ती म्हणाली.

तिच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज त्यांनी मोजला, सतराच्या सतरा. टेम्पो गेला. एकाच्या सुमारास ते सवयीने खाली उतरले. दार उघडंच होतं. खोलीत खिळा नव्हता, नळ बंद होता, फरशी पुसलेली होती. खिडकीत एक वाटी राहिली होती, दुधाची, धुऊन पालथी घातलेली. ते भिंतीला टेकून बसले आणि दोन वाजता उठले.

रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, खाली आहे ना कुणी?" त्यांनी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता?" ते म्हणाले, "बघतो." हा शब्द त्यांनी आयुष्यात कुठल्याही करारात लिहिला नव्हता.

त्या दुपारी त्यांनी टाइपरायटरवरचं अर्धं वाक्य काढून चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलं आणि नवा कागद चढवला. जाहिरात पाच ओळींची झाली.

'खोली भाड्याने देणे आहे. तळमजला.
मालक वर राहतात, त्रास नाही.
कुत्रा, मांजर, काहीही चालेल.
पोपटसुद्धा.
मुदत: बोलून ठरवू.'

शेवटची ओळ त्यांनी दोनदा तपासली. मग कागद फाटकावर चिकटवला आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले, कुणी आलंच तर वरून उतरेपर्यंत निघून जायला नको म्हणून.